तीन गोळ्या परत

क्वामझिनी वस्ती, पीटरमारित्झबर्ग
रविवार, ९ जून २०१३

माझ्या ताईला, नोमाखोसीला,

आधी आपली खुशाली सांगावी, मग समोरच्याची विचारावी, मग कामाचं लिहावं, असं आईने आपल्याला शिकवलं. तर मी बरी आहे. थंडीत गुडघा धरतो, पण चालते. मागच्या खोलीचा पत्रा वाऱ्याने उचकटला होता, तो बसवून घेतला. दोन कोंबड्या मेल्या. कुणी म्हणतं थंडीने, कुणी म्हणतं शेजारच्या कुत्र्याने. तुमच्याकडे नदीकाठचं गवत आता वाळलं असेल, गुरांना पुरतंय का? भावजींचा खोकला थांबला का?

तू ओठ मुडपून म्हणत असशील, "दोन वर्षांनी हिला माझी गुरं आठवली." म्हण. माझा आवाज ऐकला की तू फोन बंद करतेस, म्हणून हा कागद. बेकी टॅक्सीवाला मंगळवारी सकाळी तुमच्या बाजूला निघतो, त्याच्या हाती देईन. तो फोडून वाचणार नाही. त्याला टॅक्सीवरच्या पाट्या वाचायचाही कंटाळा आहे.

तुमच्या दवाखान्यातल्या नर्सने मला फोन केला होता. स्लिंडिलेच्या कागदावर अजून माझाच नंबर आहे. पोरीच्या रक्तातल्या पेशींचा आकडा दोनशेच्या खाली गेलाय, तोंड आतून पांढरं पडलंय, मक्याच्या पुटूचा मऊ घासही गिळत नाही, नुसतं आंबट दूध पिते, हे सगळं तिने सांगितलं. येत्या गुरुवारी औषध सुरू करायला बोलावलंय, आणि नर्स दोनदा दारात आली तेव्हा तू तिला काय ऐकवलंस तेही सांगितलं.

"हीच गोळी माझ्या लेकीने अकरा महिने रोज गिळली. माझ्या सख्ख्या बहिणीने मोजून लिहून दिलंय. तरी आजार झालाच ना? मग तीच गोळी आता परत कशाला? उरलेला जीव घ्यायला?"

नर्स म्हणाली, "मावशी, यावर मी काय बोलणार? नव्या गोळीत तीन औषधं आहेत, त्यातली दोन खरंच त्या संशोधनातली आहेत. बाई खोटं बोलत नाहीये."

ताई, तू कधीच बिनबुडाचं भांडली नाहीस, हाच तर तुझा त्रास आहे. पण त्या निळ्या झग्याच्या माणसाचं काय? बाटलीत पाणी, पाण्यात राख, वर एक रंगीत दोरा, आणि म्हणे तीन महिन्यांत आजार धुऊन निघेल. तुझी अक्कल कुठे चरायला गेलीय? दोन बकऱ्या दिल्यास म्हणे त्याला. तो जाडजूड झालाय आणि पोरगी काडी झालीय, एवढं तरी डोळ्यांना दिसत असेल.

रागावू नकोस. रागाव, पण पुढचं वाच.

स्लिंडिले माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला आली तेव्हा एकोणीसची होती. तूच आणून सोडलीस, पिवळी बॅग आणि भोपळ्यांचं पोतं घेऊन. म्हणालीस, "बोंगेकिले, तुझ्या घरात देवाचं नाव आहे, इथे पोरगी बिघडणार नाही." महिन्याभरात मुझी दाराशी शिट्ट्या मारायला लागला. तो खाणीवरून सुट्टीला यायचा, नवे बूट घालून. मी स्लिंडीला समजावलं, दम दिला, उपाशी ठेवलं. त्या वयात कोण ऐकतं? आपण ऐकलं होतं?

मी तेव्हा संशोधनाच्या केंद्रात गोळ्या मोजायला होते, हे तुला ठाऊक आहे. एचआयव्हीचा आजार नसलेल्या पोरींनी रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे पुरुषाने बाहेरून काय आणलं तरी हिला लागणार नाही, हे ते तपासून बघत होते. मला वाटलं, मुझीला तर मी अडवू शकत नाही, निदान गोळी तरी अडवेल. म्हणून मीच तिला नेलं. आडनाव वेगळं, त्यामुळे नातं कुणाला कळलं नाही. हे मी तुझ्या पोरीच्या भल्यासाठी केलं. केंद्रात येऊन देवाची शपथ घेणाऱ्या बायकांसारखी शपथ मी घेत नाही, पण हे खरं आहे.

आता तुला जे माहीत नाही ते लिहिते. मार्चमध्ये आमच्या इथल्या हॉलमध्ये सभा झाली. परदेशातून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाल्या, गोळीने काही बचाव झाला नाही. मग म्हणाल्या, का झाला नाही ते आम्ही साठवलेल्या रक्तात शोधलं. चार बायकांतल्या तिघींच्या रक्तात गोळीचा मागमूस नव्हता. त्यांनी गोळी खाल्लीच नव्हती. आणि हिशेबात मात्र शंभरातल्या पंच्याण्णव गोळ्या पोटात गेल्या होत्या. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही आमच्याशी खोटं का बोललात?"

मग मागून गोगो मायेनी उठल्या, सत्तरीच्या, त्यांच्या दोन नाती त्यात होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही आमच्या पोरींना कधी विचारलंत का, की बाळा, गोळी खाववते का? तुम्ही मोजलंत. मोजणाऱ्याला आम्ही आकडा देतो."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, केंद्राचं जॅकेट घालून.

म्हणजे ताई, गोळी नापास झाली नाही. युगांडात, केन्यात जोडप्यांनी खरोखर खाल्ली, तिथे बचाव झाला. इथे खाल्लीच गेली नाही. आणि स्लिंडिलेनेही खाल्ली नाही. माझ्यासमोर बाटली उघडायची, पाणी प्यायची, आणि गोळी कुठेतरी फेकायची. पोरींची खोड. मला फार उशिरा कळलं. म्हणून तू समजतेस तसं काही नाही. तिच्या अंगाने हे औषध कधी पाहिलेलंच नाही, त्यामुळे आता ते लागू पडेल. गुरुवारी तिला ने. तिला रागावू नकोस, लहान होती.

दिवा जातोय, वस्तीत सात वाजताच वीज तोडतात हल्ली. उरलेलं उद्या.

सोमवार, १० जून

ताई, काल शेवटी जे लिहिलं ते खोटं आहे. पान फाडून टाकणार होते, पण नको. तूही बघ, मरायला टेकलेल्या पोरीवरसुद्धा मी कसं ढकलू शकते.

आज सकाळी माखोझा आली. तीच, आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेतली, लाल जॅकेट आणि पांढऱ्या टोपीतली, जिचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो. साखरेची वाटी घेऊन आली, पण साखर मागेना. बसली. चहा प्यायली. म्हणाली, "तुझी भाची आजारी आहे म्हणे."

म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"बेकीने. तिला गोळी सुरू कर."

"तिची आई ऐकत नाही."

"मग आईला सांग, माखोझाकडे बघ. मी लठ्ठ आहे का बारीक?"

म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?"

तर तिने शालीच्या टोकाच्या गाठीतून एक गोळी काढून टेबलावर ठेवली. "सहा वर्षं," म्हणाली. "रोज रात्रीच्या जेवणानंतर. पिठाच्या डब्यात बाटली असते. नवऱ्याला माहीत नाही, पाद्रीबाबांना माहीत नाही. आता तुला माहीत झालं. बोललीस तर जीभ हासडीन."

ताई, आता ऐक, हे मी तुझ्यापासून दोन वर्षं लपवलं.

स्लिंडीने गोळी सुरू केली ती नीट सुरू केली होती. पहिले पाच दिवस मळमळलं, तरी घ्यायची. बाटली खिडकीत ठेवायची. मी म्हणायचे, कपाटात ठेव. ती म्हणायची, "मावशी, कपाटात विसरते, खिडकीत दिसते." सहाव्या दिवशी माखोझा माझ्याकडे प्रार्थनेची वही न्यायला आली. तिने बाटली बघितली. नुसती तिच्याकडे बघत राहिली. ती पांढरी बाटली आणि आजाऱ्यांना सरकारी दवाखान्यात मिळते ती पांढरी बाटली, दोन्ही सारख्याच दिसतात.

पुढच्या गुरुवारी चर्चमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. त्या वर्षी मला प्रार्थना मंडळाची प्रमुख करायचं घाटत होतं, हे तू विसरली नसशील, तूच मला टोपीचं कापड पाठवलं होतंस. त्या दिवशी विषयसुद्धा निघाला नाही. बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्यांना गोळ्या वाटते आणि स्वतःच्या घरात बघत नाही." मी मान वळवली नाही. मला वाटलं, ही आग माखोझाने लावली. आज कळतंय, ती बाटली तिने कशी ओळखली ते. भीती तिला वाटली होती, माझ्या खिडकीत तिला स्वतःची बाटली दिसली. कुजबुज तिने केली की दुसरीने, मी आज विचारलं नाही. विचारून काय करू?

त्या संध्याकाळी घरी आले. पोरगी भाजी चिरत होती. मी बाटली उचलली आणि म्हटलं, "हे माझ्या घरात दिसायला नको."

ती म्हणाली, "मावशी, पण तूच..."

"मी काय? केंद्रात जात राहा. रक्त देत राहा. नाव काढून घेतलंस तर कारण विचारतील, मग नातं निघेल, मग माझं काम जाईल. बाटलीचं मी बघते."

"आणि मुझी?"

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "निम्म्या बाटल्यांत नुसतं पीठ आहे. कुणाच्या बाटलीत काय ते डॉक्टरांनासुद्धा माहीत नाही. तुझ्या बाटलीत पीठच असेल."

खरंच असं होतं, ताई. निम्म्या पोरींना औषध आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण रिकामी गोळी देत होते, म्हणजे फरक कळावा. बाटलीवर फक्त आकडा. त्या आकड्याआड मी लपले. मनाला म्हटलं, पीठ फेकलं तर काय पाप?

तर दर महिन्याला पोरगी तीस गोळ्यांची बाटली आणायची आणि मी ती मागच्या संडासात रिकामी करायचे. सगळी नाही. अठ्ठावीस दिवसांनी परत जायचं, म्हणजे दोन उरायला हव्यात. मी तीन ठेवायचे. एखाद्या दिवशी विसरली, असं दिसायला. दोन बरोबर उरल्या की संशय येतो, पाच उरल्या की समुपदेशनाला बसवतात. तीन हा चांगला आकडा. हे मला पक्कं माहीत होतं, कारण दिवसभर मी तेच मोजत होते. केंद्रासमोरच्या निलगिरीखाली बायका आत येण्याआधी बाटल्या ओतायच्या, माळी त्या झाडूने गोळा करायचा, आणि मी आत बसून "पंच्याण्णव टक्के" लिहायचे. वर्षअखेरीला त्या आकड्यासाठी केक कापला. मीही खाल्ला. राखण करणाऱ्या कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर केकही खाल्ला.

दर महिन्याला ती माझ्याच टेबलासमोर यायची, अनोळखी असल्यासारखी. मी बाटली ओतायचे, तीन गोळ्या मोजायचे, वहीत सही करायचे. एकदा तिने खाली बघत हळूच म्हटलं, "मावशी, मी या महिन्यात खाऊ का खरंच? मुझी आलाय." मागे रांग होती. मी म्हटलं, "पुढची."

तिला मी ‘पुढची’ म्हटलं, ताई. स्वतःच्या भाचीला.

अकराव्या महिन्यात रक्त वाईट आलं. तू येऊन तिला घेऊन गेलीस. दारात उभी राहून माझ्यावर थुंकलीस आणि म्हणालीस, "तुझ्या गोऱ्या डॉक्टरांच्या गोळीने माझी पोर नासली." मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला तू पश्चात्ताप समजलीस का? मी मनातून सुटल्यासारखी झाले होते. तू गोळीला शिव्या देत होतीस, मला नाही.

जाताना मी स्लिंडीचा दंड धरला आणि तिच्याकडून वचन घेतलं, आईला काही सांगायचं नाही. तिने मान हलवली. एवढीशी पोर, दोन वर्षं मरत चाललीय, पण वचन मोडत नाही. तू म्हणतेस ना, तिच्यात तुझा हट्ट नाही? आहे. नको तिथे आहे.

आणखी एक उरलं. कालपासून त्याच्याभोवती फिरतेय.

सभेनंतर केंद्राने प्रत्येकीला बंद लिफाफा दिला, तुझ्या बाटलीत काय होतं ते सांगायला. स्लिंडिले नव्हती, म्हणून तिचा लिफाफा पोचवायला माझ्याकडे दिला. नातं अजूनही कुणाला माहीत नाही, नुसतं ‘त्याच बाजूची आहेस, दे’ म्हणून. मी तो बायबलमध्ये लपवला, तीन महिने झाले तिथेच आहे. ईस्टरच्या दिवशी उघडला. देवाजवळ मागितलं होतं, पीठ असू दे. मी आयुष्यात एवढ्या मनापासून काही मागितलं नव्हतं, आपल्या आईच्या आजारपणातही नाही.

खरं औषध होतं.

अकरा बाटल्या. पहिलीतल्या उरलेल्या आणि पुढच्या प्रत्येकीतल्या सत्तावीस मी माझ्या हाताने संडासात ओतल्या. माझ्या घरात, माझ्या खिडकीत, तिचा जीव वाचवणारी वस्तू ठेवली होती, आणि मी ती चार बायकांच्या खुर्च्यांसाठी फेकली. मुझीला दोष देऊ नकोस, झऱ्याचं पाणी गढूळ असतं हे आपल्याला माहीत होतं, म्हणून तर गाळणं आणलं होतं. मी गाळणं फेकलं.

लिफाफा सोबत जोडते. उघडलेला आहे, चिकटवायचा प्रयत्न केलाय, माफ कर. त्यावर केंद्राचा शिक्का आहे, नर्सला दाखव. तिला हे पत्रही वाचून दाखव, माझं नाव सांगून. तिला कळेल की पोरीच्या अंगात ते औषध सुरुवातीच्या थोड्या दिवसांपलीकडे कधी गेलंच नाही, मग ते लागू न पडायचं काही कारण नाही. सहीच्या वहीत अकरा महिने लिहिलेत, ते सगळे खोटे. मी बुधवारी केंद्रात जाऊन हेच सांगणार आहे. काम जाईल. जाऊ दे. आधीच जायला हवं होतं.

आता तुझं भांडण नीट माझ्याशी आहे. गोळीशी नाही. तुला शत्रू हवा होता ना दोन वर्षं, घे, हा मी पाठवलाय, नावपत्त्यासकट.

आपल्यात भांडण मिटवायला दोघी राखेचं पाणी तोंडात घेतात, एकाच वाडग्यातून, आणि बाहेर थुंकतात. थोरल्या काकूंनी आईशी केलं होतं, आपण दोघी दारामागून बघत होतो, तू हसलीस म्हणून मार खाल्लास. मी ते तुझ्याकडे मागत नाही. ते मागायचं तोंड माझ्याकडे नाही. तू म्हणालीस तर मी येऊन अंगणाबाहेर बसेन, पोरगी दिसली तरी पुरे. नाही म्हणालीस तर येणार नाही. माझ्या मयतीलाही आली नाहीस तरी चालेल. भावजींना, गावाला, चर्चला, ज्याला वाटेल त्याला सांग.

पण हे सगळं शुक्रवारी. गुरुवारी सकाळी पोरीला अंघोळ घाल, थोडं दूध पाज, आणि हाताला धरून दवाखान्यात ने. रांग असेल. उभी राहा.

तिला सांग, मावशी म्हणाली, वचन सुटलं.

तुझी धाकटी,
तू म्हणशील तोवरच,
बोंगेकिले